निरोप कुणी आणला

बस ना हिमानी, उभी का राहिली — रात्रभर जागली असशील, चक्कर येईल अशानं — हे स्टूल घे. तुझे वडील, आमचे उस्ताद गेले, वाईट झालं. पहाटे ना? झोपेतच? चल, सुटले बिचारे. एके काळी शालिग्राम पेंटर नुसते चौकात आले तरी दुकानदार चहा सांगायचे, आणि शेवटी काय, दोन वर्षं खाटेवर पडून पंख्याकडे बघणं. मी यायचं यायचं म्हणत होतो, पण इथून निघणं होत नाही — लग्नसराई, मग निवडणूक, मग वाढदिवस, या बुऱ्हाणपुरात आजकाल वाढदिवस नसलेला माणूस सापडत नाही. तर फोटो दे. मोबाइलमधला चालतो, मागची भिंत उडवतो मी, ढग टाकतो, खाली दोन समया. चार बाय तीन करू. उस्तादांचा फ्लेक्स धर्मेंद्र नाही करणार तर कोण करणार, सहा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली — काय? फ्लेक्स नको?

हातानं लिहून पाहिजे. चौकातल्या फळ्यावर. आणि ते मी लिहायचं. बेटा, तू शाळेत शिकवते ना, मग असं काय बोलते. तो फळा आहे कुठे आता? पिंपळाजवळची ती काळी भिंत, तिच्यावर नीलेशच्या जिमचा फ्लेक्स आहे, मीच लावलाय, दंड फुगवून उभा आहे तो, पंधरा फूट. जिम आहे तिथे आधी कापडाचे लूम होते — सोळा लूम, दिवसभर खटखट — आता वजनं आपटायचा आवाज येतो, तेवढाच फरक. भाईदासशेठच्या भांड्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात. मावा जिलेबीवाल्याच्या पोरानं पिझ्झा सुरू केला, त्याचा बोर्ड पण माझाच. सगळा मोहल्ला बदलला, आणि तुला खडिया माती भिजवून ब्रशानं लिहिलेलं पाहिजे.

का पाहिजे ते कळतं मला, मूर्ख नाही मी. ग्रुपवर टाकलं तर लोक काय करतात — दोन जोडलेले हात पाठवतात आणि अंघोळीला जातात. फळ्याचं तसं नाही. फळ्यावर नाव आलं की घरटी एक माणूस निघालाच पाहिजे, वैर असो नाहीतर कोर्टात केस असो, आपल्या मोहल्ल्याचा कायदाच तो. आणि घरच्यानं आपल्या माणसाचं नाव स्वतः लिहायचं नसतं, म्हणून तू माझ्या पायऱ्या चढली. किती जण आलेत घरी आत्तापर्यंत? तू, तुझी आई आणि? जसोंडीचे मामा. तीन. बाया धरून तीन, आणि दहाला उचलायचं आहे. नऊ तर झाले. थांब हां, हा बॅनर अडकला — हे मशीन पण ना, बायको बरी — हां, निघाला. दोनच आहेत अजून, हे निघू दे, मग बोलू. कोचिंगवाले साडेनऊला घ्यायला येतात, त्यांना थांबवता येत नाही, तुला येतं.

पण मला सांग, मी लिहू कसं? तीस वर्षं उस्तादांनी त्या फळ्यावर सगळ्यांना घाटावर पोचवलं — कैलासवासी अमुक, वय इतकं, अंत्ययात्रा राहत्या घरून इतक्या वाजता — आणि एक दिवस जिवंत माणसाला पोचवलं. तू तिसरीत होती, आठवत असेल. भाईदासशेठला छातीत दुखलं म्हणून इंदूरला नेलेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी उस्तादांनी फळ्यावर नाव लिहिलं. तासाभरात गल्ली भरली. बांबू आले, मडकं आलं, वणव्यासारखी बातमी पसरते ना आपल्याकडे. बाया आत घुसल्या, शेठाणी मालूकाकीचं कुंकू पुसलं, बांगड्या फोडल्या — श्रावण होता, हिरव्यागार भरलेल्या होत्या — एक काच मनगटात गेली. ती ओरडत होती, मला इंदूरला फोन लावून द्या, कुणाशी तरी बोलू द्या, पण त्या वेळी बाईचं ऐकतं कोण, धरून ठेवतात. आणि दुपारी फोन आला की शेठ उठून बसले, पेज मागून राहिले. दोन पोरं तर मडकं परत करायला कुंभाराकडे गेली, तो घेईना. — हसलो का मी? नाही गं, ते मडक्याचं आठवलं की येतं.

त्यानंतर सहा वर्षं जगले शेठ. सहा वर्षं नवरा जिवंत, आणि मालूकाकीला हळदीकुंकवाला कुणी बोलवेना. एकदा फुटल्या त्या फुटल्या, म्हणे. नवीन भरायला बसली तर कासारीण पण तिच्याकडे बघायची नाही. मग तिनं काय करावं, रोज सकाळी या समोरच्या दारात उभी राहायची आणि तुझ्या बापाच्या नावानं सुरू — तुला खांदा द्यायला कुत्रं येणार नाही शालिग्राम, तुझ्या दारात चार माणसं उभी राहणार नाहीत. तू दप्तर घेऊन खाली मान घालून जायची, मी बघायचो इथून. आणि मग नवीन दुकानाचं नाव त्या हातानं लिहून घेणार कोण? अपशकुनी म्हणायला लागले. एकेक गिऱ्हाईक तुटलं. त्याच दिवाळीला माझं मशीन आलं, या भागातलं पहिलं. योग असतो एकेकाचा.

अशी काय बघून राहिली?

हां. आलं लक्षात. तू फळ्यासाठी आलीच नाही. तू ते ऐकवायला आली मला. बापानं जाता जाता सांगितलंच असणार, मरताना माणूस मोकळा होतो. मग तोंडावर बोल ना, अशी गप्प बसून डोळे काय रोखते. निरोप मी नेला — नाही कोण म्हणतं? शेठच्या भाच्याचा फोन माझ्या मोबाइलवर आला, रडत होता, मामा गेले म्हणाला, मी पळत जाऊन उस्तादांना सांगितलं. यात माझं काय चुकलं? आपल्याकडे दुःखाच्या घरी जाऊन खरं का खोटं असं विचारत नाहीत, आणि निरोप कुणी आणला तेही विचारत नाहीत, सांगत नाहीत. निरोप्याचं नाव घेतलं तर पुढच्या वेळी कुणी निरोप आणणार नाही, हे उस्तादांचंच शिकवणं. मग त्यांनी नाही घेतलं माझं नाव, तर काय उपकार केले? रीत आहे.

बरं, आणि तो दुसरा फोन. तोही सांगितला असणार, त्यांचे कान तिखट होते. ते स्टुलावर चढलेले, मी खाली स्टूल धरून. कैलासवासी लिहून झालं होतं, शेठचं नाव सुरू केलेलं. भाचाच होता. म्हणाला, नर्सनं दुसऱ्याच खाटेचं सांगितलं, मामा श्वास घेऊन राहिले. उस्तादांनी वरूनच विचारलं, कुणाचा रे? मी म्हटलं, राँग नंबर.

का म्हटलं? मला काय माहीत — नाही, माहीत आहे. सहा वर्षं, हिमानी. सहा वर्षं मी अक्षरांच्या पोटात रंग भरला. कडा त्यांच्या, पोट माझं. एक कड काढू दिली नाही मला. हात पिकला नाही अजून, म्हणायचे, आणि ते पण एकट्यात नाही — निंबोल्याचे केळीवाले ट्रकवर नाव लिहून घ्यायला आलेले असायचे, त्यांच्यासमोर. हसायचे ते. मी म्हटलं उस्ताद, फ्लेक्सचं मशीन घेऊ, जमाना बदलून राहिला, तर म्हणाले, ते बटणाचं काम आहे धर्मेंद्र, तुला तेच जमेल. तर त्या दिवशी वाटलं, चुकू दे. एकदा चुकू दे म्हाताऱ्याला. चार ओळी लिहून होईपर्यंत वेळ होता माझ्याकडे. काय हात चालत होता त्यांचा — ब्रश उचलायचेच नाहीत, वेलांटी अशी वरून खाली सोडायचे — आणि मी बघत होतो, मोबाइल खिशात गरम. मला वाटलं, दुपारी पुसतील, लोक चार दिवस हसतील, बस. बांगड्यांचं माझ्या डोक्यात नव्हतं. त्या बाया बांगड्यांपर्यंत जातील असं मला — आणि असतं डोक्यात तरी बहुतेक गप्पच राहिलो असतो. खोटं कशाला बोलू तुझ्याशी, आजच्या दिवशी.

थांब, कोचिंगवाले आले वाटतं. — हे घ्या सर. दोन्ही आहेत, टॉपरचा फोटो मोठा केलाय. हो, हो, पाठवा. — गेले. त्याच्या क्लासमध्ये एकही टॉपर झालेला नाही, फोटो खंडव्याच्या पोराचा आहे. बस ना तू.

आणि एक सांगू? उस्ताद आले होते इथे, दुकान काढलं त्या वर्षी. भांडले नाहीत. भांडले असते तर बरं वाटलं असतं मला. म्हणाले, मोहल्ल्याला नको सांगू, मला काम नको, फक्त मालूबाईला एकदा खरं काय ते सांग, माझी पोरगी जाता-येता ऐकते. मी म्हटलं बसा, गिऱ्हाईक आहे. सकाळी दहाला आलेले, दोन वाजेपर्यंत बसवलं. मग म्हटलं, उस्ताद, रिकामे बसलेच आहात तर दाराची काच पुसून द्या. पुसली त्यांनी. वर्तमानपत्र मागून घेतलं, पाणी मारलं, कोपरे पण पुसले, आणि गेले. परत कधी आले नाहीत. त्यांचं ते माझ्याकडे न बघणं — मला राग त्याचाच यायचा. आजही येतो, आज तर जास्तच येऊन राहिला, आता मेल्यावर काय करणार त्याचं.

आता तू काय करणार? जाऊन सांगशील मालूकाकीला? सांग. पुरावा काय आहे? भाचा स्वतःची चूक झाकायला कधी बोलला नाही, आणि करोनात वारला. बापानं इतकी वर्षं तोंड उघडलं नाही आणि पोरगी त्याच्या तिरडीच्या दिवशी दुसऱ्यावर ढकलते, असंच म्हणतील ना लोक. पावणेदहा झाले, घड्याळ बघ. आता नीलेशला कधी विचारायचं, पंधरा फुटांचा फ्लेक्स कधी उतरवायचा, खडिया कधी भिजणार, लिहिणार कधी आणि वाचणार कोण? लोक कामावर गेले. महापालिकेची गाडी मागव सरळ. चार खांदे लागतच नाहीत आता, चाकं असतात. मामा पुढे बसतील, तू मागे बस. जा, आई एकटी असेल घरी. फोटो पाठवून दे, तेराव्यापर्यंत फ्लेक्स करून ठेवतो, तुझ्याकडून काही घेणार नाही मी.

काय म्हणाली?

परत म्हण.

निरोप सायकलवरच्या माणसानं आणला? कोण सायकलवरचा — निंबोल्याकडचा, अनोळखी, पुन्हा कधी दिसला नाही. असं सांगायचे ते? आईला पण? आणि तुला — तू विचारायची, मोठी झाल्यावर, तेव्हा पण सायकलवालाच? काल पण? मरेपर्यंत? म्हणजे तुला काहीच — म्हणजे हे तू आत्ता, माझ्याकडून —

बस. बस जरा हिमानी, खाली बस, चहा सांगतो. मी मघापासून काय बोललो ते, म्हणजे रागात माणूस बोलतो, तू मनावर — शिडी आहे ना मागे, नीलेशला मी समजावतो, तो माझ्या शब्दाबाहेर नाही. दहाचं अकरा करू. अकराचं बारा करू. मी लिहितो, चांगलं ठळक लिहितो, घरटी माणूस येईल बघ, मी स्वतः खांदा देतो, पहिला खांदा माझा. खडिया असेल कुठेतरी, ब्रश पण असेल त्यांचाच एखादा. ऐक ना. काचेचं मी उगाच बोललो, ते तसं नव्हतं — हिमानी, घर तुझं डावीकडे. तिकडे कुठे निघाली? मालूकाकीचं दार नको. आज नको, आज सुतक आहे तुला, आज कुणाच्या दारात जात नाहीत. सत्तरी ओलांडली तिनं, तिला काय कळणार, ऐकू पण कमी येतं तिला. कडी नको वाजवू. हिमानी —

उघडलं तिनं.