वर कुणी चढू नये म्हणून

शिंपी : काचा नकोत. एकदा सांगितलं ना.

मिस्त्री : काका, कठड्यावर काचा बसवल्या की अर्धं काम तिथंच होतं. सगळेच बसवतात. नाहीतर काटेरी तार घ्या.

शिंपी : तारही नको. कुणाचा हात कापेल असं काही या गच्चीवर लावायचं नाही.

मिस्त्री : कापला तर चोराचाच कापेल. तुमचा कशाला कापेल?

शिंपी : चोराचंच म्हणतोय मी. तुम्ही बोल्टांचं सांगा.

मिस्त्री : बोल्टांचं सोपं आहे. आत्ता आहेत ते साधे. पाना लावला की दोन मिनिटांत सुटतात. हा बघा नवा नट. आवळत गेलं की शेवटी याचं डोकंच तुटून पडतं. उरतो तो भाग गुळगुळीत, निमुळता. पाना बसवला तरी नुसता घसरतो.

शिंपी : आणि मलाच कधी काढायचं झालं तर?

मिस्त्री : मग ग्राइंडरनं कापायचा. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. म्हणून तर कुणी त्याच्या नादाला लागत नाही.

शिंपी : तीन वर्षांपूर्वी हेच का नाही लावलंत?

मिस्त्री : तेव्हा सोलरची पॅनल कोण चोरत होतं? आणि धुवायला सोडवता यावीत म्हणून तुम्हीच बहुतेक…

शिंपी : मी काही म्हटलं नव्हतं. मी तेव्हा शाळेच्या गणवेशांत गळ्यापर्यंत बुडालेलो. तुमची माणसं वर काय करतायत, मान वर करून बघितलंही नाही.

मिस्त्री : बरं, असेल. दुसरं म्हणजे हा सांगाडा. आत्ता नुसत्या सिमेंटच्या ठोकळ्यांवर उभा आहे. मी स्लॅबला भोकं पाडून, मसाला भरून पाय पक्के करतो. वाऱ्याचीही भीती नको. सुटं पॅनल म्हणजे शीडच. वारा भरला की माणसालाही ओढून नेतं.

शिंपी : माहीत आहे मला.

मिस्त्री : हो. सॉरी काका. बोलण्याच्या ओघात गेलं.

शिंपी : या सगळ्याच्या आधी मागची लोखंडी शिडी कापून काढा. मुळात त्याच्यासाठीच तुम्हाला बोलावलं. टाकी धुवायला घरातला जिना आहे. आमच्या हिनं एकच सांगितलंय, पॅनल गेली तर जाऊ देत, पण वर कुणी चढता कामा नये.

मिस्त्री : काकू खाली दिसल्या. काजांचं मशीन पुढं घेतलंय त्यांनी.

शिंपी : मागच्या खिडकीपाशी बसवत नाही तिला. खिडकीखालीच पडला होता ना तो. वीस वर्षांची जागा, उठून आली. उजेड कमी पडतो पुढं, पण बसते डोळे बारीक करून.

मिस्त्री : चोरासाठी एवढं मनाला लावून घ्यायचं म्हणजे…

शिंपी : तुम्ही आल्यापासून चोर, चोर करताय. मी त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलो होतो. गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात माणसाचा चेहरा पाठ होतो.

मिस्त्री : तुम्ही घरी नव्हता ना तेव्हा?

शिंपी : डोळे तपासायला गेलो होतो दोघं. भर दुपार. हा निळा डगला घालून आला, हातात पाना, कमरेला दोर. समोरच्या सायकलवाल्याला वाटलं दुरुस्तीला आलाय. त्यानं तर गाडा लावायला जागा करून दिली. दोन पॅनल काढली, दोरानं खाली सोडली, घरी नेऊन ठेवली आणि तिसऱ्यासाठी परत आला. ते हातात धरलं आणि मागून वारा आला असणार. किंवा तोल गेला. बघायला कोण होतं? आम्ही परत आलो तेव्हा तो बोळात पडलेला.

मिस्त्री : दवाखान्यात दोन दिवस होता म्हणे.

शिंपी : हो. मला अजून एक कोडं सुटलेलं नाही. शिडीच्या पायथ्याशी त्याच्या चपला होत्या. भिंतीला लावून, जोडीनं. चोरी करायला आलेला माणूस चपला काढून वर जाईल?

मिस्त्री : काचेवर चरा पडू नये म्हणून काढतात. चपलेत खडा अडकलेला असतो एखादा.

शिंपी : कोण काढतं?

मिस्त्री : काम शिकलेली माणसं.

शिंपी : तुम्हीही आत्ता अनवाणीच आहात.

मिस्त्री : सवय आहे. मोजून घेऊ का? आठातली पाच आहेत. तीन नवी लागतील.

शिंपी : एकच. दोन परत येतायत आज.

मिस्त्री : पोलिसांना सापडली?

शिंपी : पोलिसांना मी तक्रार नाही म्हणून लिहून दिलं. त्याची बहीण आणून देतेय. दवाखान्यात भेटली होती मला. म्हणाली, पलंगामागं उभी करून ठेवलीत, त्या खोलीत झोप लागत नाही. मी म्हटलं, मिस्त्री यायचे आहेत त्या दिवशी घेऊन या, लगेच बसवून टाकू.

मिस्त्री : मग असं करू. मी उद्या येतो. मसालाही आज पुरेसा आणलेला नाही.

शिंपी : मघाशी जिन्यात तर पूर्ण डबा आणलाय म्हणालात.

मिस्त्री : काका, ऐका ना. उद्या सकाळी लवकर येतो, दिवस मोडत नाही तुमचा.

शिंपी : काय झालं? पाना पिशवीत का टाकताय?

(जिन्यावर पावलं. एक बाई धापा टाकत गच्चीवर येते.)

बहीण : गाडा खाली सायकलवाल्यापाशी लावलाय, दादा. दोन्ही चादरीत गुंडाळून आणलीत. चरा नाही कुठं. बघून घ्या.

शिंपी : या ताई. आधी टेका जरा. हे आमचे मिस्त्री…

बहीण : ओळखते मी यांना.

शिंपी : यांना? कशा काय?

बहीण : त्यांनाच विचारा.

मिस्त्री : अकरा वर्षं होता तो माझ्याकडं, काका. लंबू म्हणायचो आम्ही. खाली उभं राहून पत्र्याला हात लागायचा त्याचा. ही मागची ओळ त्यानंच बसवलेली.

शिंपी : म्हणजे तुम्हाला माहीत होतं. मी फोन केला तेव्हाही.

मिस्त्री : माहीत होतं.

शिंपी : आणि मला काचा लावा म्हणून सांगत होतात.

मिस्त्री : सगळ्या गिऱ्हाइकांना सांगतो तेच सांगत होतो. गप्प राहिलो असतो तर तुम्ही विचारलं असतं, का गप्प म्हणून.

बहीण : मयतीला आला नाहीत.

मिस्त्री : कोपऱ्यापर्यंत आलो होतो. तिथून मागं फिरलो.

बहीण : आई विचारत होती, मिस्त्री आले का. तिला दिसत नाही आता. प्रत्येक पावलाला विचारायची, हे मिस्त्री का.

शिंपी : कामावरून का काढलंत त्याला?

मिस्त्री : काढलं नाही. म्हणजे, काढलंच म्हणा. दोनदा चक्कर आली त्याला, माझ्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या वेळी तिसऱ्या मजल्यावर होतो. मी कमरेला धरला म्हणून राहिला. मी म्हटलं, लंबू, आता छतावर चढायचं नाही. मी तुला खालचं काम देतो. वायरिंग, सामान आणणं, काहीतरी.

बहीण : दिलंत?

मिस्त्री : खालच्या कामाला आधीच एक माणूस होता. बघतो म्हटलं.

बहीण : चार महिने बघत होता तुम्ही. तो रोज सकाळी डबा घेऊन निघायचा. आई उठून डबा भरायची. आम्हाला वाटायचं कामावर जातोय. गेल्यावर कळलं, काम नव्हतंच. दिवसभर कुठं बसायचा, तो डबा कुठं खायचा, ते अजून नाही कळलं.

मिस्त्री : फोन करायचा मला. सुरुवातीला उचलायचो. नंतर नंतर सांगायला काही नसायचं, मग उचलायचो नाही. त्या दिवशीही आला होता. सव्वानऊला.

बहीण : काय म्हणाला?

मिस्त्री : मी उचलला नाही, ताई.

बहीण : हं.

शिंपी : पाणी देऊ का, ताई?

बहीण : नको. मला ती जागा दाखवा.

शिंपी : ही इथली. कठड्याला हात लावू नका, तेवढा भाग हललाय. खाली तो बोळ. ती आमची खिडकी.

बहीण : फार उंच नाही.

शिंपी : नाही. मलाही तेच वाटतं रोज. एखादा नुसता पाय मोडून घेऊन उठला असता.

बहीण : दादा, दवाखान्यात मी विचारणार होते, पण गर्दी होती. तुम्ही पहिले पोचलात त्याच्यापाशी. मी आले तेव्हा तो बोलत नव्हता. काही म्हणाला का तुम्हाला?

शिंपी : म्हणाला.

बहीण : आईचं काही?

शिंपी : आईचं म्हणाला असं सांगता आलं असतं मला. पण तुम्ही एवढं ओढत गाडा घेऊन आलात. खोटं सांगवत नाही. त्यानं विचारलं, फुटलं का.

बहीण : काय फुटलं का?

शिंपी : पॅनल. त्याच्याबरोबर पडलेलं. काचेचा चुरा झाला होता सगळीकडं, त्याच्या केसांतही होता. पण त्याला मान वळवता येत नव्हती. मी म्हटलं, नाही फुटलं, बाबा, चांगलं आहे. मग त्यानं डोळे मिटले.

बहीण : तसाच होता. लहानपणी माझ्या हातून कपबशी फुटली तरी हाच रडायचा.

मिस्त्री : अकरा वर्षांत एक काच फोडली नाही त्यानं माझी.

बहीण : हे सगळं आता कशाला सांगताय?

मिस्त्री : कुणाला सांगू मग? घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही त्याच्या भल्यासाठीच खाली ठेवलं होतं. खरंच त्याच्या भल्यासाठी ठेवलं होतं, ताई. छतावरून पडू नये म्हणून.

शिंपी : मिस्त्री, बसा खाली. कठड्यापासून लांब. तुमचाही तोल जाईल.

बहीण : मी भांडायला आले नव्हते. तुम्ही इथं असाल हेही ठाऊक नव्हतं. पण आता भेटलातच, तर माझं एक काम करा.

मिस्त्री : सांगा.

बहीण : घरी या. आईपाशी घटकाभर बसा. शेजारणी कुजबुजतात, तिच्या कानावर काय काय पडतं. रात्रंदिवस एकच घोकते, कामावर पडला तर मिस्त्री का नाही आले? मी सांगते, परगावी गेलेत, येतील. किती दिवस सांगू?

मिस्त्री : त्यांना काय सांगायचं?

बहीण : तुमच्या कामावर होता म्हणून सांगा. त्या दिवशीही.

मिस्त्री : ताई, मी त्यांच्यासमोर…

बहीण : तिला तोंड दिसत नाही तुमचं. नुसता आवाज ऐकायचाय.

शिंपी : जा. काम उद्या करा. दोन दिवस उशीर झाला तर माझी मशीनं काही अडत नाहीत. मघाशी तुम्हीच निघत होता.

मिस्त्री : आत्ताच जाऊ म्हणता?

शिंपी : उद्यावर टाकलंत तर तुम्ही परत कोपऱ्यावरून फिराल. ताईंबरोबर जा. रिकामा गाडा तुम्ही ओढा.

बहीण : आधी ती दोन उतरवून वर आणू. माझ्याच्यानं जिना चढवणार नाहीत.

मिस्त्री : मी आणतो. तुम्ही हात लावू नका. आई काय काय विचारतील?

बहीण : सगळं. तिला कामातलं कळतं, तो रोज सांगायचा. घर कुणाचं होतं विचारेल.

शिंपी : माझं सांगा. शिंप्याचं. माणूस बरा होता म्हणावं, पाणी पाजलं.

बहीण : वर काय करत होता विचारेल.

शिंपी : बसवत होता म्हणा.

बहीण : किती बसवून झाली होती, तेही विचारेल. नुसतं बसवत होता म्हटलेलं तिला पुरणार नाही.

मिस्त्री : दोन झाली होती. तिसरं हातात होतं.