डाळमिल पळते कशी?

...नाही, पन तुम्हीच सांगा, लोखंडाची डाळमिल, चार नट आवळून शिमिटात गाडलेली, थे पळन कशी? पन साहेबानं विचारलंच तसं, तं मी काय करू! तुम्हाले सांगते, आमचा बायांचा बचत गट, राळेगावच्या इकडं खेड्यात. डाळमिल एकच, अन् तूर निंगाली का बाया पोते घेऊन सकाळपासून लायनीत! म्हनून दुसऱ्या मिलसाठी अर्ज केलता. तं दिल्लीहून साहेब पाहाले आले. संगं इंग्रजी समजून सांगाले एक बाबू होता, थो नेमका फोन आला म्हनून बाहीर गेला... अन् साहेबानं मलेच धरलं! "हू रन्स धिस मिल?"

आता रन म्हंजे पळनं! माही नात निकिता पाचवीत हाय, रोज घोकते, रन म्हंजे पळनं. म्या म्हनलं, "नो सर, नोबडी रन! ऑल सिट!" खोटं काय त्यात? बसूनच तं डाळ करतो आमी! साहेबाचं तोंड उतरलं. "नॉट रनिंग? सिन्स व्हेन?" म्या म्हनलं, "फर्स्ट डे, सर!" थो लिहूनच राह्यला, लिहूनच राह्यला... "देन हू विल रन द सेकंड वन?" अन् बोट कोनाकडं, तं आमच्या अध्यक्ष विमलताईकडं! साठीची बाई, उठताना खांबाले धरते. हे काय मानुसकी हाय? म्हनलं, "शी कॅनॉट रन, सर! नी पेन!"

बाबू आला, वही पाहिली, अन् डोक्शाले हात लावला. "अवो कोकिळाबाई, काय केलं हे! मिल पहिल्या दिवसापासून बंद, असं लिहिलं ना साहेबांनी! रन म्हणजे चालवणं!"

साऱ्या बायांची दुसरी मिल गेली ना माह्या तोंडापायी! विमलताई गुडघ्यावर हात देऊन उठली अन् बटन दाबलं. धडधडधड... डाळ पडाले लागली, साहेब हसला, लिहिलेलं खोडलं. "ओ! इट रन्स!"

पळते म्हने! कुठं पळते? जागच्या जागी तं होती!

घरी येऊन निकिताले विचारलं, तं तिनं डिक्शनरी काढली. "आजी, नाक वाहते तेबी रन, लुगड्याचा रंग जाते तेबी रन, निवडनुकीले उभं राह्यलं तेबी रन!" अवं, उभं राह्यलेला मानूस पळन कसा? रन म्हंजे पळनं ना, बापा!

जाऊ द्या. साहेबाची मिल पळते, आपली चालते... अन् मंजुरीचा कागद? आठ महिने झाले, थो अजून रांगूनच राह्यला!