क्लच दाबला तरच

नाही, तिथे नका उभी करू — जरा मागे घ्या, अजून थोडी — हां, आणि तुम्हीही बाजूला व्हा, पुढच्या चाकासमोर कुणी उभं राहायचं नाही, माझ्या दुकानात एवढा एकच नियम आहे. बाकी काहीही करा, हवं तर गाणं म्हणा. हो, कळतंय मला, बंद आहे गाडी, बंद गाडी काय करणार — तरीपण बाजूला व्हा. बसा त्या स्टुलावर. डावा पाय हलतो त्याचा, पण पाडत नाही कुणाला. तर काय म्हणत होतात, सेल्फ बसवायचाय. सायकलला. म्हणजे सायकलला इंजिन लावलंय त्याला आता बटण हवंय. नाही बसवत मी. दुसरं काहीही सांगा — चेन बदला, कार्ब्युरेटर साफ करा, प्लग बदला, ते हसत करतो, पण सेल्फ नाही, अकरा वर्षं झाली कानाला खडा लावून. काय? थांबा, थांबा, मला बोलू द्या, मग तुमचं सांगा. गुडघा दुखतो तुमचा, पायडल मारून वेग घेता येत नाही, आणि वेग घेतल्याशिवाय हे इंजिन धरत नाही — बरोबर? मला गुडघ्याबद्दल सांगू नका. गुडघ्याबद्दल मला सगळं माहीत आहे.

रंग कुणी दिला याला? तुम्ही? कधी, काल? अजून चिकटतोय हाताला. आणि जुन्या रंगावरच फासलाय, खरवडायचा तरी आधी. जाऊ द्या, गाडी तुमची, रंग तुमचा. घेतलीत कुठून ही? जुनी आहे, असलं इंजिन आता मिळत नाही. बघू द्या जरा खालून, चेन तरी ताणून देतो, मोकळ्या हातांनी नका जाऊ. ही पट्टी — ही पट्टी इथे कशाला — अच्छा, कुणीतरी आधी मोटर बसवली होती इथे. हे बघा, दोन भोकं, आणि हे वेल्डिंगचे चार टाके, तिसरा जरा ओघळलाय —

नाही, काही नाही झालं. गुडघे टेकून बसलो की चक्कर येते कधीकधी, वय झालं. पाणी आहे माझ्याकडे.

ही पट्टी पलंगाची आहे. लोखंडी पलंगाच्या पायाची. त्या पलंगावर आम्ही दोघं भाऊ झोपायचो, मी भिंतीकडे आणि दादा बाहेरच्या बाजूला, कारण मी पडायचो. पुढे पलंग मोडला तेव्हा मी त्याचे पाय ठेवले होते कापून, चांगलं लोखंड होतं. तिसरा टाका ओघळला कारण दादा मागून म्हणाला होता, किती वेळ लावतोस, पलंग बनवतोयस का परत, आणि मला हसू आलं. तुम्हाला कुणी दिली ही गाडी? — गिरणीमागच्या गल्लीत. जिन्याखाली ठेवली होती, चादरीखाली. हो. बाई आहेत, पासष्टीच्या, चष्मा आहे, घर सोडून लेकीकडे राहायला जातायत. त्या माझ्या वहिनी. थांबा, त्या काय म्हणाल्या ते नंतर सांगा. आधी माझं ऐका, नाहीतर तुम्ही म्हणाल, म्हातारा विक्षिप्त आहे, गाडी बघून पांढरा पडला.

माझा दादा चष्म्याच्या काचा घासायच्या कारखान्यात होता. आधी यंत्रावर, पण यंत्राने त्याचा गुडघा घेतला, तेव्हा मालकाने त्याला बाहेरचं काम दिलं — तयार काचा घेऊन चष्म्याच्या दुकानांत पोचवायच्या. त्यासाठी मी त्याला ही गाडी करून दिली. पण आता पंचाईत बघा, या गाडीला किक नसते, पायडल मारत वेग घ्यायचा आणि मग डाव्या हातातला क्लच सोडायचा, की इंजिनाला झटका बसून ते धरतं. दादाला पायडल कुठून मारता येणार? मग कोण ढकलणार? मी. रोज सकाळी पावणेआठला. सहा वर्षं. दुकान उघडायच्या आधी त्याच्या दारात जायचं, तो बसायचा, मी कॅरिअरला हात लावून पळायचो, पंचवीस-तीस पावलं, तो ओरडायचा ‘सोडतोय रे’ — आणि इंजिन धरलं की मागे न बघता हात वर करायचा. उन्हात, पावसात, ताप असला तरी. गल्लीतली माणसं म्हणायची, भाऊ असावा तर असा. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

मग मी ठरवलं, दादाला सेल्फ बसवून द्यायचा. जुन्या स्कूटरची मोटर आणली, जळलेली होती, तर वहिनींनी ती नव्याने गुंडाळली — त्या लग्नाआधी पंख्याच्या कारखान्यात वाइंडिंग करायच्या, तार बघितली की त्यांना कळतं कुणी घाईत गुंडाळलीय आणि कुणी मन लावून. मग सायकलचंच एक फ्री-व्हील लावलं मध्ये, म्हणजे मोटर इंजिनाला फिरवेल पण इंजिन मोटरला फिरवणार नाही. बारा व्होल्टची बॅटरी, बटण. आणि क्लचला स्विच. आता हा स्विच म्हणजे काय ते तुम्हाला कळलं पाहिजे, कारण तुम्हीही म्हणाल, एवढा एक स्विच नसला तर काय बिघडतं. सगळेच म्हणतात. क्लच दाबला तरच बटणाला करंट मिळतो, एवढंच त्याचं काम. क्लच सुटलेला असताना बटण दाबलं तर मोटर इंजिन फिरवते, इंजिन चाक फिरवतं, आणि गाडी कुणालाही न विचारता चालायला लागते. म्हणून स्विच. मी दादाला दहादा सांगितलं होतं, फुशारकीच मारली म्हणा ना — दादा, तू निर्धास्त राहा, क्लच दाबल्याशिवाय हे बटण मेलेलं आहे, लहान मूल जरी खेळलं तरी गाडी हलणार नाही. त्याला ते फार आवडलं होतं. गाडी बनत होती तेव्हाच कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरला, माझ्या भावाने डोकं लावलंय.

मग एका सकाळी दादा क्लच दाबायला विसरला. झालं. गाडीने उडी घेतली, तो बाजूला उभा होता, हँडल त्याने सोडलं नाही, पुढे गल्लीला उतार, खाली मोठा रस्ता, वाळूचा ट्रक. पाकिटातल्या काचा रस्त्यावर पसरल्या होत्या, अकरा जोड, मी मोजून उचलल्या, आणि एकही फुटली नव्हती. एकही नाही. विसरला बिचारा, सवय नव्हती ना बटणाची. वहिनींना मी हेच सांगितलं, दादा विसरला हो. त्या ‘हं’ म्हणाल्या. तेवढंच.

काय? हो, बरोबर पकडलंत. स्विच होता तर उडी कशी घेतली.

चहा घेता? नाही? मीही नाही घेत सकाळी, त्या वेळेला हाताला काही लागलं की — हे तळवे बघा. पावणेआठ वाजले की इथे कॅरिअरच्या दोन सळया जाणवतात. अजून. आणि मोटरचा आवाज येतो, आधी घर्रर्र, मग इंजिन धरतं तसा एक ठसका. दुकान बंद असतं, आत मी एकटा, एकही गाडी चालू नसते. डॉक्टरला दाखवलं, तो म्हणाला कान साफ आहेत. कान साफ आहेत हे मलाही माहीत आहे. म्हणून कुणाला समोर उभं राहू देत नाही मी. लोक हसतात. हसू देत.

स्विच होता. म्हणजे आणला होता. क्लचच्या मुठीत बसवताना त्याचा अडकवायचा कान तुटला, जुनी मूठ, जाड, भोक पाडायला हवं होतं आणि मी तसाच रेटला. शनिवार होता. दुकानदार म्हणाला सोमवारी दुसरा देतो. दादा म्हणाला, मग सोमवारीच जोड की, घाई कसली, दोन दिवस ढकल अजून. आणि मी म्हटलं — आता सांगतोच तुम्हाला, तुम्ही काय, अनोळखी माणूस, गाडी घेऊन जाल — मी म्हटलं, नको, हाच नीट बसवतो, आजच होतं. कारण मला ढकलायचं नव्हतं. दोन दिवससुद्धा नव्हतं ढकलायचं. सहा वर्षं मी कॅरिअरला हात लावून पळालो आणि सहा वर्षं तो मागे न बघता हात वर करून निघून गेला, आणि मी त्या उतारावर धापा टाकत उभा, आणि मनात काय यायचं ते नाही सांगत. लोक म्हणायचे भाऊ असावा तर असा. सेल्फ दादासाठी नव्हताच, माझ्यासाठी होता. तर मी स्विचच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या, वर लाल टेप गुंडाळली, आणि गाडी दिली. म्हटलं सोमवारी करू. क्लच दाबून त्याच्यासमोर चालू करून दाखवली, चालली. आणि स्विच जोडलेला नाही, हे सांगितलं नाही. विसरलो असं म्हणायची सोय होती, पण नव्हतो विसरलो, चांगलं जिभेवर आलं होतं. पण तो इतका खूश होता, बोट फिरवत होता बटणावरून, आणि सांगितलं असतं तर म्हणाला असता, मग सोमवारपर्यंत ढकल.

सोमवारी सकाळी नवा स्विच खिशात होता माझ्या. दुकानदाराच्या दारात जाऊन, त्याला उठवून घेतला होता. गल्लीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा पावणेआठ झाले होते आणि माणसं पळत होती.

तिसऱ्या दिवशी मी गेलो आणि मोटर काढली. वहिनींना म्हटलं, नजरेसमोर नको ही. जिन्याखाली दिवसाही अंधार असतो, तर त्याच टॉर्च धरून उभ्या राहिल्या. मी बोल्ट काढले, बॅटरी काढली, वायरी काढल्या, लाल टेपचा तो तुकडा मुठीत घेतला. त्या टॉर्च धरून होत्या, हात जरासुद्धा हलला नाही. मी म्हटलं, बरं झालं, यांचं लक्ष नाही. मोटर त्या खालच्या खणात आहे, फडक्यात. वहिनी दर महिन्याला येतात इथे, कधी बिघडलेली इस्त्री घेऊन, कधी काही नसतानाच. तुम्ही बसलात त्याच स्टुलावर बसतात. विचारतात, भावोजी, बरे आहात ना? मी म्हणतो, बरा आहे. मग अजून पाचेक मिनिटं बसतात, माझ्याकडे बघत, आणि उठून जातात. मला वाटायचं, एकट्या आहेत, करमत नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, मी आपला मान खाली घालून प्लग घासत बसायचो.

तर म्हणून सेल्फ नाही बसवत मी. समजलं? बोला आता, मघापासून तुमचं काहीतरी ओठांवर आहे. वहिनींचा निरोप? माझ्यासाठी? मग आल्या-आल्या नाही का सांगायचं — हो, मीच बोलू दिलं नाही, खरं आहे. सांगा.

काय म्हणाल्या?

परत सांगा. त्यांच्याच शब्दांत सांगा, जसं त्यांनी सांगितलं तसं. ‘भावोजींना म्हणावं, या वेळी स्विच खरोखर जोडा.’ हं. आणि? ‘त्या दिवशी हे विसरले नव्हते. मला खाली बोलावून घेतलं होतं, म्हणाले, बघ, माझ्या भावाने काय केलंय, क्लच दाबल्याशिवाय हे बटण मेलेलं आहे. ते मला दाखवत होते.’

दाखवत होता.

म्हणजे त्याने मुद्दाम — क्लच न दाबता — मी सांगितलं होतं म्हणून. वहिनी तिथेच होत्या. आणि तिसऱ्या दिवशी टॉर्च धरून उभ्या होत्या, तार बघितली की त्यांना कळतं. आणि मी त्यांच्या तोंडावर म्हणालो, दादा विसरला. अकरा वर्षं. दर महिन्याला त्या स्टुलावर बसून त्या वाट बघत होत्या, मी सांगेन म्हणून. आणि मी म्हणत होतो, बरा आहे.

नाही, तुमची काही चूक नाही. तुम्ही निरोप दिलात. गाडी राहू द्या इथे. बसवतो मी सेल्फ, मोटर तीच आहे, त्यांनी गुंडाळलेली, चांगली आहे अजून. मूठ नवीन घालतो, स्विच घालतो, आणि झालं की क्लच न दाबता बटण मीच दाबून बघेन, समोर उभा राहून. तुम्ही नाही दाबायचं. त्या कधी निघतायत लेकीकडे? परवा. मग परवाच्या आत जायला हवं मला. नाही, तुम्ही त्यांना काही सांगू नका, मी भेटलोच नाही म्हणा, मी स्वतः जातो. उठा आता. दार ओढून घ्या जाताना — आणि बाजूने जा हो, चाकासमोरून नको.