सायमनची सभा

आमच्या सायमनची फजिती तुम्हाला सांगितली नाही ना? सायमन, म्हणजे माझा नवरा, तेव्हा बहारीनमध्ये हॉटेलच्या रिसेप्शनवर होता आणि मुलांच्या शाळेच्या कमिटीच्या निवडणुकीला उभा राहिला होता. मतदानाआधी पालकांनी उमेदवारांना प्रश्न विचारायची सभा ठेवली होती.

तिथल्या तुबली भागात गॅरेज चालवणारे सावंत उठले. "बसचा एसी बंद आहे. माझी पोरगी रोज उलट्या करत घरी येते. तुम्ही काय करणार?"

पहिला उमेदवार म्हणाला, "पालकांनी मुलांना उन्हाची सवय लावायला हवी."

दुसरा म्हणाला, "सकाळी जास्त खायला घालू नका."

मग सायमनची पाळी आली. तो इतका घाबरला होता की हात जोडून सवयीने बोलून गेला, "व्हेरी सॉरी, सर. लगेच तुमची रूम बदलून देतो."

सगळा हॉल खो-खो हसत सुटला. सायमन लालबुंद होऊन खाली बसला आणि मी मनात म्हटलं, खलास!

पण पठ्ठ्या चक्क निवडून आला. मी सावंतांना विचारलं, "भाऊ, तुम्ही मत कुणाला दिलं?"

"सायमनला. अहो वहिनी, या शाळेत आम्हाला सॉरी म्हणणारा तो पहिलाच माणूस!"