भाचा भिंतीला हात लावून का उभा होता, याबाबत

मी, खाली सही करणारी, वय ६१ वर्षे, धंदा शिवणकाम, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, आज पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते ते असे :

मी वरील ठिकाणी एकटी राहते. पडदे शिवते, जुने कपडे दुरुस्त करून देते. शिवाय माझ्या मालकीचे दोन लहान फ्लॅट असून ते भाड्याने दिलेले आहेत. ते मी कोणत्याही शिबिराला न जाता घेतले. आजवर एकाही भाडेकरूशी पोलिसांपर्यंत येण्याइतके भांडण झाले नाही. या ठाण्याची पायरी मी आज पहिल्यांदा चढले आणि तीही भाच्यामुळे, हे आधी लिहून घ्यावे.

सध्या आत बसवून ठेवलेला, ओल्या शर्टातला इसम हा माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा आहे. वय २९. शाळेत असताना वर्गातल्या मुलांना खोडरबर भाड्याने द्यायचा, तेव्हापासून घरात त्याला सगळे शेठ म्हणतात. चष्म्याच्या दुकानात नोकरी करतो, लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतो. चोरी करायला जी धमक लागते ती त्याच्यात नाही. असती तर मला इतका ताप झाला नसता.

काही महिन्यांपूर्वी तो घरांमध्ये पैसे कसे गुंतवावेत या विषयावरच्या शिबिराला गेला. हॉटेलचा हॉल, गळ्यात नावाची पट्टी, स्टेजवर कानाला माईक लावलेले एक सर. सरांचे म्हणणे असे की घर घ्या आणि झोपा, भाडे आपोआप येते. तिथून तो सरळ माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, "मावशी, तिशीच्या आत आपलं पहिलं घर झालंच पाहिजे." मी विचारले, "कोणाच्या पैशाने?" तर म्हणे आई ठेव मोडून देतेय, बाकी कर्ज. माझ्या बहिणीकडे त्या ठेवीखेरीज दुसरे काही नाही. ती मला न विचारता हो म्हणून बसली होती. दोघांपुढे मी हात टेकले.

मग निदान डोळे उघडे ठेवून तरी घे, म्हणून मी त्याला मशीनसमोरच्या स्टुलावर बसवले. सांगितले की वर्षाचे भाडे बारा महिन्यांचे धरायचे नाही, दहाच महिन्यांचे धरायचे. एक महिना घर रिकामे राहते आणि एक महिना नळ, गळती, दिव्याचे बटण खाते. तेवढ्यात हप्ता बसत नसेल तर ते घर आपले नव्हे. पहिले घर असे घे की नळ फुटला तर चप्पल घालून चालत जाता आले पाहिजे. सगळे नळ एकदम सोडून बघ. गच्चीवर जाऊन टाकी बघ. सकाळी बघ, दुपारी बघ, अंधार पडल्यावर बघ, कारण दुपारी शांत असलेली गल्ली संध्याकाळी तशी नसते. आणि घराला नवा रंग दिलेला दिसला की खूश व्हायचे नाही, खिडकीखाली तळहात टेकवून ओल बघायची.

लिहून घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, मुद्द्याचं सांगा." मुद्दा हाच आहे. शेठने हे सगळे अक्षरशः केले.

आणि सर्वांत शेवटी मी त्याला सांगितले होते, दोनदा सांगितले होते, की घरात जो माणूस राहतो त्याला भेटल्याशिवाय एक रुपया द्यायचा नाही. दलालाला विचारू नकोस, मालकाला विचारू नकोस. बेल वाजव, पाणी माग, दोन मिनिटे बोल. घराची खरी गोष्ट आत राहणाऱ्याला माहीत असते. एवढे एकच त्याने केले नाही.

त्यानंतर तो गेले काही दिवस, जे घर घ्यायचे त्याच्या इमारतीसमोर वेळी-अवेळी उभा राहत होता. हे मला आज कळले. येणारी-जाणारी माणसे मोजत होता, पाइपाला कान लावत होता, मोबाइलवर काहीतरी टिपून घेत होता. तळमजल्यावर राहणाऱ्या फिर्यादी बाईंनी ते पाहिले. आज सकाळी तो त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली गुडघे टेकून भिंत चाचपत असताना त्यांनी खिडकीतून धुण्याचे पाणी बादलीभर ओतले आणि आरडाओरडा केला. शेजाऱ्यांनी त्याला धरून ठेवले. त्याला विचारले, काय करतोस? तो म्हणाला, भिंत बघतोय. का? तर म्हणे, मावशीने सांगितलंय. त्यापुढे तो तोंडात मिठाची गुळणी धरून बसला. म्हणून आपण मला बोलावलेत.

मी आले तेव्हा साहेब बाहेर गेले होते. मला बाकावर बसायला सांगितले. शेजारी फिर्यादी बाई बसल्या होत्या. त्या माझ्याहून बऱ्याच मोठ्या आहेत. त्या चोराची मावशी मीच, हे त्यांना माहीत नव्हते आणि मीही ओळख देण्याची घाई केली नाही. त्या आपणहून बोलू लागल्या. म्हणाल्या, "माझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय गं? रंग तेवढा नवा आहे. मुलाने आत्ताच काढून दिला. नळही बदलले सगळे. एवढी वर्षं म्हणत होते तेव्हा वेळ नव्हता त्याला, आता आपणहून केलं."

मी म्हणाले, बरे झाले.

त्यांनी मोबाइलवर मुलाचा फोटो दाखवला. शिडीवर उभा, हातात ब्रश, निळा शर्ट. म्हणाल्या, "आता पावणेदोन महिन्यांनी चार दिवस माझ्याकडे राहायला ये म्हणतोय. मी म्हटलं, येईन, पण आधी पडदे लावू दे. जुने पडदे त्या रंगावर अगदी फडक्यासारखे दिसतात." मी शिवणकाम करते हे सांगितल्यावर त्यांनी मला खिडक्यांची मापे सांगितली आणि कापड किती लागेल ते विचारले. मी हिशेब करून सांगितले. चुण्या धरून थोडे जास्तच घ्या असेही सांगितले.

त्यानंतर मला भाच्याला भेटू दिले. मी त्याला विचारले, "शेठ, बोलत का नाहीस? घर विकत घेतोय एवढं सांगायला जीभ झडते का तुझी?" तो हळू आवाजात म्हणाला, "मालकाने शपथ घातलीय. आत एक म्हातारी भाडेकरू आहे, तिला कळलं तर ती अडून बसेल. दोन महिन्यांत तिला काढून घर रिकामं देतो म्हणालाय. बोललो तर व्यवहार मोडेल. आज सहा वाजता टोकन द्यायचंय, मावशी."

मी म्हणाले, मालक दाखव. त्याने मोबाइलवर मालकाचा फोटो काढून दाखवला. शिडी नव्हती, ब्रश नव्हता. माणूस तोच होता. शर्टसुद्धा तोच होता.

मी काय पाहिले ते त्याला सांगितले. त्याला समजायला वेळ लागला. शिबिरात हे शिकवलेले नसावे. मग म्हणाला, "पण कागद साफ आहेत. वकिलाने बघितलेत. घर त्याच्याच नावावर आहे." मी म्हणाले, "कागद साफच आहेत रे. मी कुठे नाही म्हणते?" तेवढ्यात त्याचा फोन वाजला. मालकाचाच होता. त्याने तो उचलला नाही. वाजून वाजून बंद झाल्यावर म्हणाला, "आईला सांग, ठेव मोडू नको." इतक्या दिवसांत त्याच्या तोंडून निघालेले हे पहिले शहाणपणाचे वाक्य आहे, म्हणून तेही लिहून घ्यावे.

त्याने मला विचारले, "त्यांना कोण सांगणार?" मी त्याला बाहेर एक अक्षर बोलू नकोस असे बजावले आणि आत येऊन हा जबाब देत आहे.

माझे म्हणणे इतकेच आहे की भाचा चोर नाही, गाढव आहे. ते घर तो आता घेणार नाही. पण त्याने नाही घेतले तर दुसरा कोणी घेईल. तो दुसरा खिडकीखाली गुडघे टेकणार नाही, सरळ कुलूप बदलायला माणूस घेऊन येईल. मला याचा राग येतो आणि तो कोणावर काढावा हे कळत नाही. रंग देणाऱ्या मुलावर गुन्हा होतो का, असे मी विचारले. घर त्याचे आहे, असे उत्तर मिळाले.

तक्रार मागे घ्या असे फिर्यादी बाईंना आज कोणी सांगू नये, अशी माझी विनंती आहे. का, असे त्या विचारतील. भाच्याला संध्याकाळपर्यंत बसवून ठेवले तरी माझी हरकत नाही. सहा वाजून जातील आणि तेवढेच त्याच्या आईचे भले होईल.

जबाब झाल्यावर तो मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत आहे, असे मला सांगण्यात आले. या खोलीचे दार लागत नाही, आणि फिर्यादी बाई दाराला लागूनच बाकावर बसल्या आहेत. पिशवीतून कागद काढून त्यावर खिडक्या मोजत आहेत, ते मला इथून दिसते. म्हणून जबाब मी स्वतः चष्मा लावून मनात वाचला. मी सांगितला तसाच तो लिहिला आहे, एक शब्द कमी-जास्त नाही. मोठ्याने वाचायचाच झाला तर त्यांच्या मुलाला बोलावून घ्यावे, आणि त्यांच्यासमोर उभे राहून तो त्याने वाचावा.