नऊ नंबरचा कॉम्प्युटर

गुणपत्रकावर सही घ्यायला आलेले कारकून लॅबबाहेरच्या बाकावर बसले होते. आत प्रॅक्टिकल देणाऱ्या शिवणकामवाल्या बाई अखेर बाहेर आल्या, तशी बाकावरची त्यांची लेक उठली.

"आई, जोडलास? चालू झाला?"

"झाला. पण सगळे उठून गेले, तरी मी आपली बसलेलीच."

"मग संपलं. मागच्या खेपेलाही वेळ पुरला नाही म्हणूनच नापास झालीस."

"अगं, सगळं बसवून बटण दाबलं, तर ढिम्म. पुन्हा खोलला. मेमरीच्या पट्टीचे दात काळे पडलेले. खोडरबराने घासले."

"खोडरबराने? हे पुस्तकात कुठंय?"

"शिवणयंत्र अडलं की आधी साफच करतो ना आपण? पट्टी परत बसवली आणि पडदा उजळला."

"सर काय म्हणाले?"

"आधी चष्मा पुसला. मग म्हणाले, बाई, हा नऊ नंबर दोन वर्षं बंद आहे. नुसता जोडून दाखवायचा होता."

"चालू करायचाच नव्हता?"

"मी उशिरा पोचले. सूचना तोवर देऊन झाल्या होत्या."

"मग पास की नाही?"

"विचारायचा धीर झाला नाही गं."

दार उघडलं. सरांनी कारकुनांच्या कागदावर सही केली आणि ते बाईंकडे वळले.

"पास तर आहातच. उद्या जरा सवड काढा. दहा आणि अकरा नंबरही बंदच आहेत. येताना ते खोडरबर आणा."