सायकल व्यासपीठावरून उतरवताना

आजचे सन्माननीय अध्यक्ष म्हणजेच आपले मुख्य अभियंतासाहेब, पाणी तपासणी प्रयोगशाळेतल्या माझ्या सहकाऱ्यांनो, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई, आणि फीत बांधून माझ्या उजव्या हाताला उभी केलेली माझी सायकल,

निरोपाच्या वेळी माणसानं चार गोड शब्द बोलून बसावं, हे मला कळतं. पण आत्ताच अध्यक्षसाहेबांनी जाहीर केलं, की माझी बदली टेकडीपलीकडच्या प्रयोगशाळेत झाल्यामुळे ही सायकल मी इथे भेट देत आहे, आणि ती प्रवेशदालनात काचेमागे उभी राहील. टाळ्याही पडल्या. साहेब, मलाही ते आत्ताच कळलं.

पण हिला शोभेची वस्तू समजण्याचा दोष एकट्या तुमचा कसा म्हणू? ही घेतली तेव्हा मी तरी काय पाहिलं होतं? गडद हिरवा रंग, चामड्याची सीट, पितळी घंटी. किंमत ऐकून आई म्हणाली होती, "दागिनाच घ्यायचा होता, तर गळ्यात घालता येईल असा तरी घ्यायचास!" आई, मान हलवू नकोस, म्हणाली होतीस. आभाळ भरून आलं की मी हिला घरी ठेवून बसनं यायचे. पाहुणे हिच्याजवळ उभे राहून फोटो काढायचे, आणि खरं सांगते, मला ते आवडायचं.

मग एका सकाळी आपली गाडी बंद पडली. टाकीवरच्या पाण्याचे नमुने दुपारच्या आत इथे पोचायलाच हवे होते. बाटल्या टॉवेलात गुंडाळून मी पुढच्या टोपलीत ठेवल्या आणि अचानक कोसळलेल्या पावसात निघाले. टाकीच्या फाटकाला मडगार्ड घासलं. तो ओरखडा इथूनही दिसेल. पोचले तेव्हा आपले ड्रायव्हरकाका हिच्याकडे बघून म्हणाले, "ताई, इतके दिवस नुसती नवरी होती, आज नांदायला लागली!"

तेव्हापासून ती नांदतेच आहे. भाजी, औषधं, एकदा तर आईचा बिघडलेला मिक्सर. महागाची वस्तू जपायची म्हणजे ती वापरायची नाही, हे मला आता पटत नाही. यातही माझा थोडा मिजासखोरपणा असेल का? असेल. तरीही, साहेब, सायकल मी देणार नाही.

साहेब हळूच म्हणताहेत, "अहो, पत्रिकेवर छापलंय!" साहेब, शंका आली की नमुना पुन्हा तपासायचा, ही शिस्त आम्हाला कुणी लावली? त्या काचेमागे एखादं छानसं झाड ठेवा. त्याला उभं राहायला आवडतं.

निरोप घेणाऱ्याला साहेबांच्या गाडीतून घरी सोडायची इथली रीत आहे. ती मोडायची नाही. आज आईला गाडीतून न्या, मी मागून येते. आणि सोमवारपासून ती टेकडी. चढावर दम लागेल, तेव्हा खाली उतरून ढकलत नेईन. पण नेईन.

तुम्ही सगळ्यांनी दिलेल्या मायेबद्दल मनापासून आभार. माझ्या बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल, आणि या गालिच्यावर चेनच्या तेलाचा डाग पडला असेल, तर दोन्ही पोटात घाला. काका, ती फीत आधी सोडा, चेनमध्ये अडकेल. आणि तेवढं दार उघडून धरा.